वाचक विचारतात : दीपगृहांची मार्गदर्शिका हाती आहे, पण सहल कशी आखायची?

प्रश्न : मार्गदर्शिकेत प्रत्येक दीपगृहापुढे दोन उंच्या दिलेल्या असतात. त्यांत कधीकधी तिप्पट-चौपट फरक असतो. खरी कोणती? आणि 'पल्ला' पर्यटकाच्या काय कामाचा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन्ही खऱ्या. पहिली भरतीच्या पाण्यापासून दिव्याची, दुसरी जमिनीपासून मनोऱ्याची. खलाशाला पहिली लागते, तुमच्या गुडघ्यांना दुसरी. रेवदंड्याजवळच्या कोर्लईचे दीपगृह डोंगराच्या अंगावर असल्याने दिवा उंच ठेवायला मोठा मनोरा लागला नाही. मुंबईत कुलाब्याच्या टोकापुढे १८७५ साली उभ्या राहिलेल्या प्राँग्ज दीपगृहाला मात्र समुद्रातल्या खडकावरून सगळी उंची बांधूनच मिळवावी लागली.

पल्ला म्हणजे दिवा किती दूरवरून दिसेल ते अंतर. तो सागरी मैलांत असतो (१ सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी) आणि तो दिव्याच्या तेजाचा असतो. पृथ्वीची गोलाई त्यात धरलेली नसते. म्हणून स्वतः हिशोब करा : दिव्याच्या आणि आपल्या डोळ्यांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळे काढा, बेरीज करा, २.०८ ने गुणा. दिवा ३६ मीटरवर आणि डोळे दीड मीटरवर असतील तर ६ अधिक १.२, म्हणजे ७.२, गुणाकार १५ सागरी मैल, सुमारे २८ किमी. पुस्तकात पल्ला २० छापलेला असला तरी पुळणीवर उभे राहून १५ च्या पलीकडे दिवा दिसायचा नाही.

मार्गदर्शिकेतल्या '२ झोत, १० सेकंद' याचा अर्थ १० सेकंद काळोख असा नव्हे. पहिल्या झोतापासून पुढच्या फेरीतल्या पहिल्या झोतापर्यंतचा तो वेळ. रात्री फोटो काढताना कॅमेऱ्याचे शटर निदान तेवढा वेळ उघडे ठेवा, नाहीतर चित्रात नुसताच काळा मनोरा येतो.

प्रश्न : खांदेरी आणि कोर्लई एका दिवसात होईल का? जुन्या पुस्तकाच्या सूचीत खांदेरी सापडतच नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : जुन्या इंग्रजी याद्यांत ते 'केनरी' म्हणून शोधा. १९९८ पासून बेटाचे नाव कान्होजी आंग्रे बेट असल्याने नव्या याद्यांत ते त्या नावाखाली मिळेल. नावांचा हा घोळ किनाराभर आहे. अंजनवेलचे दीपगृह यादीत 'टोळकेश्वर', गावात 'टाळकेश्वर'. तेव्हा सूचीवर विसंबू नका, नकाशावर बोट ठेवून शोधा.

एका दिवसात होईल, पण खांदेरी आधी. थळहून होडीने जावे लागते आणि होडीचे वेळापत्रक भरती ठरवते. पुस्तक हे सांगत नाही, पंचांग सांगते : तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. त्रयोदशीला १३ ची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमारास पूर्ण भरती. साडेआठला निघून बाराच्या आत परतायचे. अष्टमीला हाच हिशोब सहा दाखवतो, म्हणजे ऐन दुपारी ओहोटी. तो दिवस टाळा. अर्ध्या तासाची चूक गृहीत धरा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी पडताळा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाण्याला ओढ जास्त. लहान मुले बरोबर असतील तर होडीवाल्याला विचारल्याशिवाय तारीख पक्की करू नका. पावसाळ्यात हा बेत नकोच.

दुपारी अलिबाग-रेवदंडामार्गे कोर्लई. आधी दीपगृह पाहा, मग तिथूनच वर किल्ल्याकडे जाणाऱ्या पायऱ्या धरा. पुस्तकातल्या भेटीच्या वेळा जुन्या असू शकतात. चालू दीपगृह हे सरकारी कामाचे ठिकाण आहे, दुरुस्ती निघाली की दार बंद. फोन करूनच निघा.

प्रश्न : गोव्यातल्या आग्वादचे दीपगृह 'आशियातील सर्वांत जुने' हे खरे का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाही. ते १८६४ चे. चेन्नईच्या उच्च न्यायालयाच्या आवारातला दगडी मनोरा १८४४ पासून उभा आहे. आग्वादच्या दिव्याच्या झोतांचा वेग १८३४ साली बदलला, असेही छापलेले आढळते. मनोऱ्याच्या आधी तीस वर्षे! एकाच पानावर या दोन्ही तारखा दिसल्या तर त्या पुस्तकातल्या बाकीच्या सनावळ्याही तपासून घ्या. १९७६ साली तिथला दिवा शेजारच्या नव्या दीपगृहात गेला. जुने आणि नवे अशी दोन दीपगृहे तिथे आहेत, तिकीट काढताना कोणते ते विचारून घ्या.