जुना स्टिरिओ अ‍ॅम्प कॉम्प्युटरला जोडून हेडफोनचा आवाज सुधारतो का, की नवा डॅकच घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की डेस्कटॉपला हेडफोन लावला की आवाज पातळ येतो, मागे सतत सुरसुर असते. घरात वडिलांच्या वेळचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर पडून आहे आणि मित्र म्हणतो तो भंगारात घाल, डॅक घे. (डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या डिजिटल आवाजाचा हेडफोनला लागणारा सिग्नल बनवणारा भाग, तो वेगळ्या छोट्या डबीतही मिळतो.) भंगारात घालू नका. आधी अ‍ॅम्प जोडा, ऐका, मग पैसे घालायचे की नाही ते ठरवा. आमच्या घरात हा वाद बरीच वर्षं चाललाय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी गाणं शिकवते. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं कॉम्प्युटरवर लावायची आणि एकच मुखडा पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायचा, हे माझं रोजचं काम. हेडफोन २५० ओहमचा, म्हणजे विजेला बराच विरोध करणारा, त्याला चालवायला व्होल्टेज जास्त लागतं. तो कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटला लावला की आवाज शंभरावर नेला तरी तंबोरा पलीकडच्या खोलीत लावल्यासारखा, आणि माउस हलवला की कानात किरकिर. ही किरकिर बहुतेक तुमच्याकडेही असेल. पुढच्या सॉकेटची बारीक वायर मदरबोर्डपासून निघून सगळ्या कॅबिनेटमधून फिरत येते आणि वाटेतला गोंगाट उचलते. मागचं हिरवं सॉकेट थेट बोर्डावर असतं. हेडफोन तिथे लावून बघा. बऱ्याच घरांत सुरसुर तेवढ्यानेच कमी होते, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

माझे वडील मस्कतला नोकरीला होते. १९८० च्या दशकात परत येताना त्यांनी एक जपानी अ‍ॅम्प आणला. पुढे जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, फिरवताना बोटाला जड लागणारं व्हॉल्यूमचं बटण, डाव्या कोपऱ्यात हेडफोनचं मोठं सॉकेट. बाबा गेल्यावर तो माझ्याकडे आला. ताईचे यजमान, आमचे भाऊजी, तेव्हापासून त्याच्या मागे लागलेत. "अगं, ते धूड कशाला सांभाळतेस? वीज खातं, जागा अडवतं. आता अंगठ्याएवढा डॅक मिळतो." डॅक मिळतो हे खरं आहे. पण म्हणून घरातली चांगली वस्तू वाईट ठरत नाही, आणि ती न ऐकता वाईट ठरवणं मला मान्य नाही.

जोडणी सोपी आहे. मागच्या हिरव्या सॉकेटपासून साडेतीन एमएम ते दोन आरसीए (अ‍ॅम्पच्या मागच्या गोल सॉकेटांत बसणाऱ्या पिना) अशी केबल घ्या आणि अ‍ॅम्पच्या ऑक्स, ट्यूनर किंवा टेप इनपुटला लावा. फोनोला अजिबात नाही. ते रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं, तिथे सिग्नल शंभरेक पट वाढतो आणि खर्ज वेगळा उचलला जातो, त्यामुळे कॉम्प्युटरचा आवाज सरळ फाटतो. कॉम्प्युटरवरचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा, विंडोजमधली एन्हान्समेंट (आवाजात परस्पर फेरफार करणारी सेटिंग) बंद करा आणि कमीजास्त अ‍ॅम्पच्या बटणावरच करा, शून्यापासून हळूहळू वाढवत. तुमचा अ‍ॅम्प म्हणजे ऑप्टिकल किंवा एचडीएमआय असलेला होम थिएटरचा रिसीव्हर असेल तर आरसीएच्या भानगडीत पडूच नका. त्याला डिजिटल सिग्नल द्या, डॅक त्याच्या पोटातच आहे.

मी जोडला तेव्हा आवाज भरदार आला, पण सोबत घूं असा एक सूरही आला. काळी एकमध्ये गाणाऱ्या एका बुजुर्गांचं ध्वनिमुद्रण लावलं होतं. त्या पट्टीत तंबोऱ्याची पंचमाची तार १०४ हर्ट्झच्या आसपास बोलते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण ५० वर आणि तिच्या पटींवर, म्हणजे १०० वरही असते. मधे जेमतेम चार हर्ट्झ. त्यामुळे पंचम छेडला की सेकंदाला चारेक हेलकावे ऐकू येत होते. ज्यांनी तंबोरा जुळवलाय त्यांना हे सांगायला नको. दोन तारा जवळ आल्या आणि मिळाल्या नाहीत की हेच होतं. ध्वनिमुद्रणातला तंबोरा सुरात होता, माझ्या कानात मात्र तो उतरलेला वाटत होता. विद्यार्थ्यांना अशा आवाजावर सूर ओळखायला लावणं मला शक्यच नव्हतं.

दिवाळीत ताई-भाऊजी आले. भाऊजींनी कानाला लावलं आणि निकाल दिला, "कॅपॅसिटर वाळलेत. सांगत होतो ना?" वर उपाय सुचवला की कॉम्प्युटरच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाक, घूं बंद होईल. हे कोणीही करू नका. ती अर्थिंगची पिन आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरचे कॅपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग गेलं की लोखंडी कॅबिनेटवर मेन्सच्या (भिंतीतल्या विजेच्या) निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं, हात लागला की झिणझिण्या येतात. आतला काही भाग बिघडला तर जिवावर बेतेल. गुणगुण घालवण्यासाठी अर्थिंग तोडणारा माणूस कितीही जाणकार असो, त्याचं ऐकू नका.

मी एकेक वस्तू सुटी करत गेले. कॉम्प्युटरकडून येणारी केबल अ‍ॅम्पमधून उपसली, घूं थांबली. म्हणजे अ‍ॅम्पचे कॅपॅसिटर वाळलेले नव्हते. वाळलेले असते तर काहीही न जोडता घूं राहिली असती. केबल परत लावली, मॉनिटर काढून पाहिला, फरक नाही. मग लक्ष गेलं ते टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सकडे. त्याचीही आरसीए केबल बाबांच्या वेळेपासून अ‍ॅम्पच्या मागे लावलेली होती. केबलवाल्याची गोल वायर बॉक्सच्या मागून सोडवली आणि तंबोरा स्वच्छ झाला, पंचम जागेवर.

याला ग्राउंड लूप म्हणतात. कॉम्प्युटरला भिंतीतलं अर्थिंग, केबलवाल्याच्या वायरीतल्या धातूच्या जाळीला इमारतीत दुसरीकडचं अर्थिंग, आणि दोन्ही माझ्या अ‍ॅम्पमध्ये येऊन भेटत होती. दोन अर्थिंगमधल्या थोड्याशा फरकाने आरसीएच्या जाळीतून प्रवाह वाहायचा आणि तोच कानात यायचा. बिघाड कुठल्याच यंत्रात नव्हता. आता टीव्ही वेगळा, अ‍ॅम्प वेगळा. तुमच्याकडे लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका, घूं गेली तर कारण हेच. दोन्ही जोडणं भागच असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. अगदी स्वस्तातला घेतलात तर खर्ज बारीक होतो. ऑप्टिकल केबलमधून वीजच जात नाही, त्यामुळे ती सोय असेल तर हा प्रश्न मुळातच उरत नाही.

घूं गेल्यावर भाऊजींनी दुसरा मुद्दा काढला. त्यांनी स्वतःचे महागडे इयरफोन लावले, कानात खोल बसणारे, एकेका बाजूला अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे बारीक स्पीकर) असलेले, आणि म्हणाले, "बघ, गढूळ आवाज. जुनं ते जुनंच." इथे मात्र गणितच करायला हवं. अशा जुन्या अ‍ॅम्पमध्ये हेडफोनचं सॉकेट बहुधा स्पीकरच्याच आउटपुटवरून, मधे दोनशे-तीनशे-चारशे ओहमचा रेझिस्टर घालून काढलेलं असतं. धरा ३३० ओहम. ३०० ओहमच्या हेडफोनला सिग्नलचा जवळजवळ निम्मा भाग मिळतो. त्याचा इम्पिडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा विजेला होणारा विरोध, खर्जात ५०० च्या घरात चढला तर तिथे साधारण २ डेसिबलची वाढ होते, म्हणजे खर्ज किंचित भरतो. मला तर तो आवडतो. पण भाऊजींच्या तऱ्हेच्या इयरफोनचा इम्पिडन्स कुठे ८ ओहम, कुठे ४० असा वरखाली होतो. त्याच ३३० ओहममागे हा फरक १० डेसिबलच्या वर जातो. आवाज गढूळ होणारच. तो दोष बाबांच्या अ‍ॅम्पचा नाही, जोडी चुकल्याचा आहे. त्या काळी असे इयरफोन घरोघरी नव्हते, अ‍ॅम्प बनवणाऱ्यांनी ते डोळ्यांसमोर कसे ठेवावेत?

मग माझा हेडफोन लावून तुलना केली. एकीकडे त्यांचा डॅक, दुसरीकडे अ‍ॅम्प. हेडफोनच्या टोकाशी मल्टिमीटर लावून दोन्हीचा आवाज सारखा केला, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो आणि तुलना तिथेच फसते. कोणतं चालू आहे हे त्यांना दिसणार नाही अशी माझी विद्यार्थिनी बदलत होती. भाऊजींना ओळखता आलं नाही. त्यांचं म्हणणं अजूनही बदललेलं नाही, पण ओळखता आलं नाही हे खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलंय.

आता राहिलेल्या गोष्टी. हेडफोनच्या खोक्यावर ओहमचा आकडा बघा. दीडशेच्या वर असेल तर जुना अ‍ॅम्प बिनधास्त लावा. प्लॅनर प्रकारचा (आत पातळ सपाट पडदा असलेला) असेल तर आकडा कमी असूनही चालतो, त्याचा इम्पिडन्स सपाट असतो, फक्त बटण जास्त फिरवावं लागेल. ३२ ओहमचा साधा हेडफोन असेल तर लावून ऐका, खर्ज फुगून ढब ढब झाला तर सोडून द्या. कानात घालायचे बारीक इयरफोन असतील तर छोटा डॅकच घ्या, तिथे भाऊजी बरोबर आहेत. ब्लूटूथ हेडफोन असेल तर यातलं काहीच लागू नाही, त्याचा डॅक आणि अ‍ॅम्प त्याच्या आतच असतो.

अ‍ॅम्प वर्षानुवर्षं बंद असेल तर वीज देण्याआधी व्हॉल्यूम आणि सिलेक्टरची बटणं भरपूर वेळा इकडून तिकडे फिरवा, खरखर बरीचशी मोडते. उरली तर कॉन्टॅक्ट क्लीनर. चालू केल्यावर आवाज शून्यावर ठेवून हेडफोनच्या सॉकेटवर डीसी व्होल्टेज मोजा. काही मिलिव्होल्ट चालतात. त्याहून बरंच जास्त दिसलं तर हेडफोन लावू नका, आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा. मल्टिमीटर नसेल तर पहिल्यांदा एखादा टाकाऊ हेडफोन लावून बघा. आणि अ‍ॅम्पला हेडफोनचं सॉकेटच नसेल तर वायरी सोलून स्पीकरच्या टर्मिनलला हेडफोन जोडू नका. हेडफोनच्या जॅकमध्ये डाव्या-उजव्याची एक तार सामाईक असते आणि काही अ‍ॅम्पमध्ये ती टर्मिनलं सामाईक नसतात, तिथे आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात.