जॅकेटं तीन, विमा बारा लाखांचा

पुण्याहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३६, आयटीत नोकरी, हातात पगार महिन्याला १ लाख ३५ हजार. पत्नी घर सांभाळतात, मुलगी पाच वर्षांची. घराचं कर्ज अजून ४८ लाख शिल्लक, व्याज साडेआठ टक्के, हप्ता ४२ हजार. घरखर्च ५५ हजार. गाठीला ३ लाखांची एफडी.

दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन वैमानिक घालायचे त्या चामडी जॅकेटांचं त्यांना वेड आहे. आज काही कंपन्या त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बनवतात, त्यातल्या तीन त्यांना घ्यायच्या आहेत: जपानच्या बझ रिक्सन्सचं ए-२, जपानच्याच रिअल मॅकॉइजचं नौदलाचं एम-४२२ए, आणि इंग्लंडच्या ईस्टमनचं मेंढीच्या कातड्याचं बी-३. तिन्ही मिळून साडेचार लाख. ते विचारतात, "एफडी मोडू की कार्डावर २४ हप्ते करून घेऊ? बँक १५ टक्के सांगते. माझ्या मते ही गुंतवणूकच आहे. मूळ जॅकेटं लाखांत विकली जातात आणि प्रतिकृतींचे भावही दरवर्षी चढतायत." पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "विम्याची काळजी नाही. बँकेतून घेतलेली गॅरंटीड पॉलिसी आहे. वर्षाला १ लाख २० हजार, १२ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २८ लाख मिळतील. तीन हप्ते भरले, चौथा पुढच्या महिन्यात. कव्हर १२ लाख."

जॅकेटांचं आधी सांगतो, कारण त्या शेवटच्या ओळीवर बरंच बोलायचं आहे.

साडेचार लाख, २४ महिने, १५ टक्के: हप्ता जवळपास २२ हजार. व्याज पाऊण लाखाच्या घरात, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, शिवाय परदेशी खरेदीवर कार्डाचं साडेतीन टक्क्यांच्या आसपासचं मार्कअप, म्हणजे जादा शुल्क. नुसत्या उसनवारीचा खर्च लाखाच्या वर गेला. सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) तुम्ही धरलेलेच नाहीत आणि ती रक्कम किरकोळ नसते. कर्जाचा हप्ता, घरखर्च आणि पॉलिसी भागवून तुमच्याकडे महिन्याला २८ हजार उरतात. त्यातले २२ गेले तर दोन वर्षं सहा हजारांवर काढायची. एफडी मोडण्याचा विचार तर सोडूनच द्या. नोकरी गेली तर घर चालवायला तुमच्याकडे तेवढे तीन लाखच आहेत, आणि ते जेमतेम तीन महिने पुरतील.

आता 'गुंतवणूक' या दाव्याकडे येऊ. ए-२ हे अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाचं १९३१ सालचं जॅकेट. वेगवेगळ्या कंत्राटदारांनी शिवलं, बहुतेक घोड्याच्या कातड्यात, आणि १९४३च्या सुमारास लष्कराने नवी मागणी थांबवली. म्हणजे मूळ मालाचा साठा तिथेच संपला. शिवाय मूळ जॅकेटाला किंमत येते ती त्याच्या इतिहासाने: छातीवर वैमानिकाच्या नावाची पट्टी, स्क्वाड्रनचं बोधचिन्ह, पाठीवर रंगवलेलं चित्र, आणि हे सगळं त्याच माणसाचं असल्याचे कागद. प्रतिकृती बनवणारे कॉलरचा आकार, खिशाची झडप, शिवणीतल्या टाक्यांचं अंतर, अगदी झिपचा नमुनाही एकेका कंत्राटाप्रमाणे उतरवतात. त्या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तो माल कंपनी पुढच्या वर्षीही बनवणार आहे. नव्याचा भाव चढला म्हणून तुमच्या कपाटातल्या जॅकेटाला तेवढे पैसे कोणी देत नाही. वापरलेलं जॅकेट साधारणपणे नव्यापेक्षा स्वस्तच जातं. त्यातून तुमचा गिऱ्हाईक परदेशात असणार, त्याचं माप तुमच्याच मापाचं असावं लागणार आणि कुरिअरचा खर्च मधे खाणार. जॅकेट घ्यायचं तर अंगावर घालायला घ्या. ते घरखर्चात मोजा, गुंतवणुकीत मुळीच नको.

आता ती ओळ.

तुमच्यामागे ४८ लाखांचं कर्ज आहे आणि कव्हर १२ लाखांचं. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पत्नीच्या हातात १२ आणि एफडीचे ३ असे १५ लाख येतील. कर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ९७ हजार लागतात. सोळाव्या महिन्यात घर विकायला काढावं लागेल. मुलगी तेव्हा पहिलीत असेल. हे वाचायला कठोर वाटेल, पण पॉलिसी विकताना हा हिशेब तुमच्यासमोर कोणी मांडला नाही, म्हणून मला मांडावा लागतोय.

कव्हर १२ लाखच का, याचा विचार केलात? हप्त्याच्या बरोबर दहा पट आहे ते. मुदतीअंती मिळणारी रक्कम करमुक्त राहावी यासाठी कव्हर हप्त्याच्या किमान दहा पट असावं लागतं. तो आकडा कराच्या नियमातून आला. तुमचं कर्ज किती, मुलगी केवढी, पत्नी कमावतात का, यातलं काहीच त्यात धरलेलं नाही. अशी पॉलिसी विमा म्हणून विकणाऱ्यांचा मला संताप येतो.

बरं, परतावा तरी? १२ वर्षांत भरणार १४ लाख ४० हजार, मिळणार २८ लाख. म्हणजे पैसे जेमतेम दुप्पट. तुमचा एकेक हप्ता सरासरी साडेचौदा वर्षं अडकून राहतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ला भागलं की ढोबळ व्याजदर मिळतो. ७२ला साडेचौदाने भागा, पाच टक्केही येत नाहीत. नीट हिशेब केला तर साडेचारच्या जरा वर. तेच हप्ते तेवढ्याच काळासाठी पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी ४० लाख झाले असते. आणि तुम्ही स्वतः साडेआठ टक्क्यांनी कर्ज फेडताय! साडेआठने पैसे घेऊन साडेचारच्या आसपास गुंतवायचे, हा व्यवहार 'गॅरंटीड' या शब्दाखाली दडला. गॅरंटी आहे, पण ती कमी परताव्याची.

तेव्हा काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने? क्रम महत्त्वाचा आहे.

सर्वात आधी टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा. कर्जासाठी ४८ लाख आणि घर चालायला वर एक कोटी, म्हणून दीड कोटीचं कव्हर, वयाच्या साठीपर्यंत. तुमच्या वयाच्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला हप्ता साधारण वर्षाला २० ते २५ हजार पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. सिगारेट ओढत असाल, साखर किंवा बीपी असेल, तर अर्जात लिहा. लपवलंत तर दावा पत्नीला लढवावा लागेल. आणि पॉलिसी घेतानाच ती विवाहित स्त्रियांच्या संपत्तीच्या १८७४च्या कायद्याखाली घ्या. मग ती रक्कम पत्नी-मुलीचीच राहते, तुमच्या देणेकऱ्यांना तिच्यावर जप्ती आणता येत नाही. हे नंतर करता येत नाही, अर्जाच्या वेळीच सांगावं लागतं. "टर्ममध्ये पैसे परत मिळत नाहीत" असं बँकेतले साहेब पुन्हा सांगतील. न मिळू देत. पैसे परत मिळाले नाहीत याचा अर्थ तुम्ही साठीपर्यंत धडधाकट राहिलात.

टर्म पॉलिसी हातात आली की मगच जुन्या पॉलिसीचं बघा. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडून पैसे घेतले, तर किती, आणि पेड-अप केली तर विसाव्या वर्षी किती. सरेंडरला भरलेल्या ३ लाख ६० हजारांतला मोठा भाग बुडेल, असं धरून चाला. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी छोटी होऊन चालू. १२ पैकी ३ हप्ते भरलेत, म्हणजे लाभ साधारण पाव उरेल, ६-७ लाख. उरलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये गेले तर १७ वर्षांनी २६-२७ लाख. दोन्ही मिळून ३३च्या आसपास, आणि पॉलिसी रेटत नेली तर २८. पीपीएफचा दर साडेसहावर घसरला तरी बेरीज ३०च्या वरच राहते. म्हणून मी पेड-अपच्या बाजूने आहे. फक्त कंपनीचा लेखी आकडा माझ्या अंदाजापेक्षा फारच कमी आला, तर सरेंडरशी पुन्हा ताडून बघा. चौथ्या हप्त्याची तारीख उलटली तरी वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेव्हा घाईने तो हप्ता भरून टाकू नका. बँकेतलं ऑटो-डेबिट मात्र आठवणीने थांबवा.

पीपीएफ मी तुलनेपुरता घेतला. प्रत्यक्षात वाचलेले महिना १० हजार कर्जात जादा भरा. दर फ्लोटिंग, म्हणजे बदलता, असेल तर त्यावर दंड नाही, आणि साडेएकोणीस वर्षं चालणारं कर्ज साडेबारा वर्षांत संपतं.

उरलेल्या २८ हजारांतून दोन हजार टर्मसाठी, बारा हजार एफडीत, ती सहा लाखांवर जाईपर्यंत. आणि दहा हजार जॅकेटसाठी वेगळे ठेवा. हो, जॅकेट घ्याच. सव्वा वर्षात दीड लाख जमतील, त्यात शुल्कासह एक चांगलं जॅकेट बसावं.

तीनपैकी बी-३ यादीतून काढा. आतून लोकर असलेलं ते जाड कातडं पंचवीस हजार फुटांवर, उणे चाळीसच्या थंडीत, गरम न केलेल्या बाँबर विमानात बसणाऱ्यांसाठी होतं. पुण्याच्या जानेवारीतही ते अर्धा तास अंगावर ठेववणार नाही. एम-४२२ए सुंदर आहे, बकरीचं कातडं चिवट असतं, पण त्याची कॉलर लोकरीची, ती आपल्याकडे मानेला उकडते. ए-२ घ्या. पातळ अस्तर, साधी चामडी कॉलर, डिसेंबरात पहाटे दुचाकीवर उत्तम. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, बुरशी धरेल. रुंद हँगरवर, हवा खेळेल असं टांगा.

आणि मागवण्याआधी माप नीट घ्या. जुन्या धाटणीचं ए-२ अंगासरशी बसतं, कमरेला आखूड असतं. मोठं-लहान निघालं तर जपानपर्यंत परत पाठवण्याचा खर्च तुमचा, आणि भरलेलं शुल्क परत मिळवायला कागदपत्रांचा खटाटोप वेगळा. तुम्हाला नेमकं बसणारं एखादं जॅकेट टेबलावर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत, खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत आणि कॉलरखालून कमरेच्या पट्टीपर्यंत मोजा, आणि कंपनीच्या तक्त्याशी ते तीन आकडे जुळले तरच ऑर्डर द्या.