वाचकांचे प्रश्न : आधी गाळ, मग डीएनए

प्रश्न : सांडपाणी शुद्ध करणाऱ्या सूक्ष्मजीवसमूहांवर माझे तीन नवे विद्यार्थी काम सुरू करत आहेत. तिघांनाही पहिल्या महिन्यापासूनच सिक्वेन्सिंग (सूक्ष्मजीवांचा डीएनए वाचून ते कोणते हे ओळखणे) करायचे आहे. करू द्यावे का?

उत्तर : नमुने पहिल्या दिवसापासून गोठवून ठेवू द्या, सिक्वेन्सिंग मात्र नंतर. आधी प्रत्येकाला 2 लिटरचा रिॲक्टर (सांडपाणी शुद्ध करायचे प्रयोगपात्र) स्वतः चालवू द्या. फेरी 6 तासांची ठेवा : पाणी भरणे, हवा देणे, गाळ (म्हणजे सूक्ष्मजीवांचे पुंजके) बसू देणे, वरचे 1 लिटर निवळ पाणी काढणे. पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन रोज, तर अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट आठवड्यातून तीनदा मोजायला लावा. शिवाय गाळ 1 लिटरच्या सिलिंडरमध्ये 30 मिनिटे बसू द्यावा. तो 300 मिलीपर्यंत बसला आणि गाळाचे प्रमाण लिटरमागे 3 ग्रॅम असेल, तर गाळाचा निर्देशांक (1 ग्रॅम गाळ किती मिली जागा घेतो) 100, म्हणजे ठीक. तो 150च्या वर गेला की सूक्ष्मदर्शकाखाली तंतुमय जीवाणू शोधावेत, ते गाळ नीट बसू देत नाहीत. मोजून झालेला गाळ परत रिॲक्टरमध्ये ओतायचा, हे नवखे हमखास विसरतात.

प्रश्न : पाण्यात लिटरमागे 40 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन आहे. तिसऱ्या आठवड्यापासून तो कमी होईना. हवा पुरेशी आहे. 2 लिटरच्या रिॲक्टरमधून रोज 200 मिली गाळ काढतो, म्हणजे गाळाचे वय (गाळ सरासरी किती दिवस रिॲक्टरमध्ये राहतो) 10 दिवस ना?

उत्तर : कागदावर 10. निवळ पाण्याबरोबर जाणारा गाळ तुम्ही धरलेला नाही. रिॲक्टरमध्ये लिटरमागे 3 ग्रॅम गाळ असेल, तर एकूण झाला 6 ग्रॅम. तुम्ही रोज 0.6 ग्रॅम काढता. चार फेऱ्यांत बाहेर पडणाऱ्या 4 लिटर पाण्यात लिटरमागे 50 मिलिग्रॅम गाळ असेल, तर आणखी 0.2 ग्रॅम जातो. खरे वय झाले 7.5 दिवस. कोमट पाण्यात तेवढ्यात भागते. पाणी 12 अंशांपर्यंत थंड झाले की नायट्रीकरण करणारे (अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे) जीवाणू वाढतात त्यापेक्षा लवकर वाहून जातात.

पण आधी पीएच पाहा. 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने 7.14 मिलिग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता) खर्च होते; ती संपली की पीएच घसरतो. तुमच्या 40 मिलिग्रॅमला सुमारे 286 लागेल, आणि शेवटी 80 तरी शिल्लक हवी. कृत्रिम सांडपाणी ऊर्ध्वपातित पाण्यात बनवत असाल, तर त्यासाठी लिटरमागे साधारण 615 मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट घाला. (अन्न म्हणून सोडियम ॲसिटेट दिले, तर त्यातून काही अल्कलिनिटी परत मिळते, तरी हिशेब मोजून खात्री करा.)

जीवाणू वाहून गेले की पीएच घसरल्याने अडले, या दोन कारणांतला फरक एका फेरीत कळतो. पीएच 6.5च्या खाली गेला असेल, तर बायकार्बोनेट थोडे थोडे घालून तो 7.5 करा. त्याच फेरीत अमोनिया उतरू लागला, तर जीवाणू आहेत, नुसते अडले होते. उतरला नाही, तर ते बहुधा वाहून गेले. चांगला गाळ पुन्हा आणून टाका आणि रोजचा काढायचा गाळ कमी करा.

प्रश्न : सिक्वेन्सिंगमध्ये नायट्रोस्पिराचा (नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंचा) वाटा 1 टक्क्यावरून 2 टक्के झाला. ती दुप्पट झाली असे लिहू का?

उत्तर : नको. ते टक्के आहेत, संख्या नाही. बाकीचे जीवाणू निम्मे झाले तरी हाच आकडा येईल. शिवाय जीवाणू ओळखायला वाचतात त्या 16एस जनुकाच्या प्रतींची संख्या जीवाणूगणिक वेगळी असते, ई. कोलायमध्ये 7. संख्या हवी असेल, तर त्याच डीएनएवर क्यूपीसीआर (जनुकाच्या प्रती मोजायची चाचणी) करा आणि मिलिलिटरमागे जनुकप्रती द्या.

नमुना नेहमी हवा देण्याच्या शेवटी, नीट ढवळून घ्या. 2 मिलीच्या तीन नळ्या भरा, सेंट्रिफ्यूज करून वरचे पाणी टाका आणि उणे 80 अंशांवर ठेवा. डीएनए काढायचे किट मध्येच बदलू नका. जाड भित्तिकेचे जीवाणू सगळीच किट सारखी फोडत नाहीत, आणि किट बदलले की समूहच बदलल्यासारखा दिसतो. प्रत्येक तुकडीबरोबर गाळाविना, नुसत्या निर्जंतुक पाण्याची एक नळीही चालवा. तिच्यातही जीवाणू दिसले, तर ते रसायनांतले किंवा हाताळताना आलेले.