नोंदवही माळ्यावर टाकू नका

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावचं 'ब' वर्ग सार्वजनिक ग्रंथालय. १४ हजार पुस्तकं, मी ग्रंथपाल आणि एक शिपाई. देणगी मिळाल्यामुळे अध्यक्ष संगणक घ्यायचं म्हणताहेत, शिवाय दाराशी आरएफआयडीचं फाटक, म्हणजे नोंद न करता पुस्तक बाहेर नेलं की वाजणारं. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवणारी दाखल नोंदवही २२ वर्षं मी हाताने लिहिली. सुरुवात कुठून करू? आणि मला काम काय उरेल?

उत्तर : ताई, फाटकाचं राहू द्या. त्यासाठी पुस्तकागणिक चिप चिकटवावी लागते. आणि आपल्याकडे पुस्तकं पळवतं कोण? रीतसर नावावर नेतात नि परत आणत नाहीत. त्यांच्यापुढे फाटक काय करणार? बारकोड पुष्कळ झाला.

सॉफ्टवेअरलाही पैसे घालू नका. 'कोहा' न्यूझीलंडच्या ग्रंथालयांनी स्वतःसाठी बनवून घेतलं, २००० सालापासून चालू आहे आणि फुकट आहे. माओरीत कोहा म्हणजे भेट. मात्र ते विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतं, तेव्हा सांभाळणारा माणूस आधी गाठा.

खरं काम नोंदी भरण्याचं. आमच्या ग्रंथालयाची फजिती ऐका. जुन्या फॉण्टात आम्ही ४ हजार नोंदी केल्या. संगणक बदलला आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं! दाखल नोंदवही होती म्हणून निभावलं. तेव्हा टंकन युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच राहतं. तिथेही खोडी आहे. 'ॲ' हे अक्षर एका कळीने सलग येतं, नाहीतर 'अ'ला चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. आमच्याकडे कामाला असलेल्या दोघी मुलींनी दोन तऱ्हांनी टाइप केलं, मग शोधताना निम्मी पुस्तकं गायब. मी तर कपाटामागेही शोधून आले! एकच पद्धत ठरवून भिंतीवर चिकटवा.

आता तुमचं काम. कविता कुसुमाग्रजांच्या, नाटकं वि. वा. शिरवाडकरांची, माणूस एकच. कार्डांच्या खणात आपण एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणारं 'पहा' कार्ड घालायचो ना, तेच संगणकाला तुम्ही सांगायचं. 'पु. ल.' आणि 'पुरुषोत्तम लक्ष्मण' यांनाही तुम्हीच एकत्र आणायचं. शिपायाला किंवा यंत्र विकणाऱ्याला ते जमणार नाही.

पहिल्या कपाटापासून सुरू करू नका. देवघेवीत जे पुस्तक परत येईल त्याची नोंद त्याच दिवशी करा, रोज २५-३० झाल्या तरी चालतील. वर्षभरात जी पुस्तकं टेबलावर आलीच नाहीत, ती सगळ्यांत शेवटी घ्या. त्यांची यादी मात्र अध्यक्षांना दाखवा. बहुतेक लोकांनी देणगी म्हणून दिलेलीच निघतील.