एसटीची तेरा वर्षं, जिल्हा परिषदेची सतरा

दारव्हा-दिग्रस पट्ट्यातले एक एसटी वाहक, वय ४१. राखीव प्रवर्गातून जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक म्हणून निवड झालेली. आमच्याकडे सल्ल्याला आले तेव्हा आदेश खिशात आणि चेहरा उतरलेला. "तेरा वर्सं पान्यात गेली म्हना ना आता?" सोबत आलेल्या त्यांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं गणित वेगळंच होतं. नोकरी सोडली की पीएफ आणि पेन्शनचे सगळे पैसे उचलायचे आणि वावरात विहीर पाडून ओलित करायचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

तेरा वर्षं बुडत नाहीत, पण पुढच्या सतरा वर्षांत मिसळतही नाहीत. एसटीत पेन्शन ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची; जिल्हा परिषदेत १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. दोन वेगळ्या विहिरी; एकीचं पाणी दुसरीत ओतता येत नाही. त्यामुळे 'कोणती योजना चांगली' एवढं विचारून भागत नाही. थांबलो तर किती आणि गेलो तर दोन्हीकडून मिळून किती, असा हिशेब मांडावा लागतो.

आधी ईपीएस. मालक पीएफला पगाराच्या १२ टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, पण १५,००० रुपये पगाराच्या मर्यादेतच, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. सूत्र: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. भाऊ एसटीत लागले सप्टेंबर २०१२ मध्ये. ऑगस्ट २०१४ पर्यंत मर्यादा ६,५०० होती, म्हणून त्या दोन वर्षांचे १८६ रुपये, पुढच्या ११ वर्षांचे २,३५७. दोन्ही मिळून साधारण २,५४३ रुपये महिना, तेही वयाच्या ५८ नंतर. महागाई भत्ता नाही. ५८ पर्यंत एसटीतच राहिले असते तर वीस वर्षांवरच्या सेवेला मिळणारी दोन वर्षांची भर धरूनही आकडा साडेसहा हजारांच्या आसपासच थांबतो. ईपीएसवाले पेन्शनर इतकी वर्षं मोर्चे का काढतात, ते या भागाकारात दिसतं.

इथं एक गोष्ट हमखास सुटते. २०२१-२२ च्या संपात जे पाचएक महिने कामावर नव्हते, त्यांच्या खात्यात ते दिवस बिनवर्गणीचे म्हणून पडलेले असू शकतात आणि तेवढी सेवा कमी होते. शेवटच्या वर्षाचे सहा महिने किंवा जास्त भरले तर पूर्ण वर्ष धरतात, कमी भरले तर सोडून देतात. तेरातून साडेपाच महिने वजा केले की माणूस बरोबर त्या काठावर येतो. एका वर्षाचा फरक म्हणजे जन्मभर महिना २१४ रुपये. म्हणून राजीनाम्याआधी सेवा-इतिहास आणि बिनवर्गणीचे दिवस पगारपत्रकाशी ताडून घ्यायचे. निघून गेल्यावर आगारातल्या बाबूला ते शोधायची घाई नसते.

वहिनींना सांगितलं ते असं. सेवा दहा वर्षांच्या पुढे गेली की पेन्शनचे पैसे काढताच येत नाहीत. फॉर्म १०-सी भरायचा, पण योजना प्रमाणपत्रासाठी, म्हणजे झालेल्या सेवेच्या दाखल्यासाठी. ते जपून ठेवायचं आणि ५८ व्या वर्षी फॉर्म १०-डीसोबत द्यायचं. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन मिळते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितक्या वेळा ४ टक्के कापून. पीएफची गोष्ट निराळी. पाच वर्षांवर सेवा झाल्यानं काढलेल्या रकमेवर कर नाही. तरी विहिरीसाठी आधी ग्रॅच्युइटी वापरा, असा आग्रह धरला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३२,००० धरले तर १५ भागिले २६ गुणिले ३२,००० गुणिले १३, म्हणजे २,४०,००० रुपये. ही रक्कम राजीनाम्यावरही मिळते, पाच वर्षांची अट केव्हाच पार झालेली आहे.

आता जिल्हा परिषद. सुरुवातीचा मूळ पगार १९,९००. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर त्यावर स्वतःचे १० टक्के ३,०८४ आणि शासनाचे १४ टक्के ४,३१८. एनपीएसमध्ये साठलेल्या रकमेतले निदान ४० टक्के निवृत्तीला पेन्शन विकत घेण्यात जातात. किती मिळेल ते बाजार ठरवतो. एकीकृत पेन्शन योजनेचं, म्हणजे यूपीएसचं, केंद्राचं सूत्र असं: २५ वर्षं सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं, कमी सेवेला त्या प्रमाणात, आणि दहा वर्षं भरली तर निदान १०,०००. सतरा वर्षांना ३४ टक्के. दरसाल ३ टक्के वाढीनं मूळ पगार ३२,००० च्या घरात जातो, म्हणजे १०,८८० आणि त्यावर महागाई मदत. पश्चात जोडीदाराला ६० टक्के. पंचेचाळिशीच्या आतबाहेर रुजू होणाऱ्याला आमचा कल अशा हमीच्या योजनेकडे असतो, कारण बाजारात पडझड झाली तर भरून काढायला त्याच्याकडे वर्षं उरत नाहीत. मात्र तुमच्या पदाला कोणता विकल्प खुला आहे, तो शासन निर्णय आस्थापना शाखेतून हातात घ्या आणि विकल्पपत्राची पोच सांभाळा.

यूपीएसचा विकल्प मिळाला तर जाऊन दोन्हीकडून मिळून साडेतेरा हजारांच्या जवळपास, राहून साडेसहा हजार. पीएफची पुंजी मात्र राहिल्यावर जास्त झाली असती, आणि आज हातात येणारा पगार थोडा घटतो. दोन्ही गोष्टी वहिनींच्या समोरच कागदावर मांडल्या.

जायचं तर रीतीनं. विभागाची ना-हरकत, मग राजीनामा, एसटी बँकेच्या कर्जाची बेबाकी, कार्यमुक्ती आदेश, आणि मगच रुजू. गैरहजर राहून दुसरीकडे रुजू होणाऱ्यामागे खातेचौकशी लागते आणि देणी अडकतात. नव्या ठिकाणी पहिल्याच महिन्यात प्रान क्रमांकाचा, म्हणजे एनपीएसच्या कायम खाते क्रमांकाचा अर्ज द्यायचा. तो रखडला की वर्गणी कापली जात नाही आणि थकबाकी साचते. बँकेनं कधी एनपीएस खातं गळ्यात मारलं असेल तर तोच क्रमांक सांगून तो खासगीतून शासकीय क्षेत्रात बदलून घ्यायचा, दुसरा काढायचा नाही.

भाऊंच्या कागदांत शेवटी एकच अडचण निघाली. आधारवर वडिलांचं नाव 'शामराव', पीएफ खात्यात 'श्यामराव'. नाव दुरुस्तीच्या संयुक्त घोषणापत्रावर आगाराची सही लागणार होती, म्हणून राजीनामा आठ दिवस पुढं ढकलला.