ट्रॅक्टरचा नवा रंग : पेपर कधी, कंपाउंड कधी?

प्रश्न : आमचा मॅसी 1035 वडिलांनी घेतलेला. यंदा पत्रा सरळ करून, लांबी (पुट्टी) आणि प्रायमर भरून घरच्या कॉम्प्रेसरवर लाल रंग मारला. हार्डनर मिसळायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग आहे, तीन हात दिलेत. पण बॉनेटवर संत्र्याच्या सालीसारखा दाणा उठलाय, धूळ बसलीय, उजव्या मडगार्डवर एक ओघळही आलाय. पेंटर म्हणतो, दुसऱ्याच दिवशी पॉलिशच्या मशीनवर कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) मारू. खंडेनवमीच्या पूजेला गाडी चमकायला हवी. काय करू?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : घाई करू नका. हार्डनरचा रंग एरवी दिवसभरात पेपर (पॉलिश पेपर) घासण्याइतका कडक होतो, पण पावसाळी हवेत वेळ लागतो. निपाणीत तरी बरं, खानापूर-जांबोटीकडच्या पावसात तर विचारूच नका. मडगार्डच्या आतल्या बाजूला नख दाबून बघा. वण उठला तर अजून दोन दिवस जाऊ द्या. फार लांबवूही नका, नंतर तोच रंग इतका कडक होतो की घासताना खांदे भरून येतात. साधा इनॅमल असता तर मी हातच लावू दिला नसता. तो वरून वाळतो आणि आत कित्येक आठवडे मऊ राहतो.

नुसत्या कंपाउंडनं दाणा जाणार नाही, दाण्यालाच चमक येईल. आधी पेपर लागतो.

पहिल्यांदा ओघळ. लाकडाच्या छोट्या सपाट ठोकळ्यावर 1000 नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा; नंबर जितका मोठा तितका बारीक) गुंडाळा आणि फक्त उंचवटा उतरवा, शेजारचा रंग वाचवा. मग बॉनेटला 1500, त्यानंतर 2000, जमलं तर 3000. पेपर आधी पाण्यात भिजत घाला, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका. नुसत्या बोटांनी घासू नका, बोटांच्या रेघा उन्हात दिसतात. वळणावर मऊ स्पंजचा ठोकळा घ्या. दर थोड्या वेळानं पाणी रबरी पट्टीनं ओढून बघा. खोलगट जागा अजून चमकत असतात, उंच जागा मंद झालेल्या असतात. बहुतेक सगळं मंद होऊन बारीक चमकते ठिपके उरले की थांबा. शेवटचा ठिपका घालवायच्या नादात रंग पातळ होतो, आणि पातळ लाल रंग आपल्या उन्हात आधी फिका पडतो.

बॉनेटच्या कडा आणि उठावाच्या रेघा यांवर रंग मुळातच कमी बसतो. तिथे मास्किंग टेप लावा आणि मशीन तिथे नेऊच नका.

मग कंपाउंड. मशीन सावलीत, पत्रा थंड असताना चालवा. मिनिटाला 1200 ते 1500 फेरे पुष्कळ झाले. पॅड एका जागी थांबू देऊ नका, अधूनमधून पत्र्याला तळवा लावा; चटका बसला तर थांबा. पॅड लाल झालं म्हणून घाबरू नका. वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नसलेला रंग थोडा उतरणारच. पत्र्यावर प्रायमरचा करडा रंग डोकावला तर मात्र रंग संपला, तिथे पुन्हा फवारणीच करावी लागते.

आणि सगळा ट्रॅक्टर घासत बसू नका. माणसाची नजर बॉनेट आणि मडगार्डवर जाते. हाऊसिंग, अॅक्सल, चाकांचे रिम आहेत तसे राहू द्या. रिमला चंदेरी मेटॅलिक असेल तर पेपर अजिबात नको, त्याचे डाग उठतात. उसाच्या वाहतुकीत या खालच्या भागांना चिखल आणि पाचट सोसायचंय. जाड रंग तिथे कामाचा.

सिलिकॉनचं पॉलिश किंवा मेण महिनाभर तरी लावू नका, रंगातला थिनर बाहेर पडू द्या. पूजेला झेंडूची माळ तारेनं बांधू नका, सुतळीनं बांधा. ओलं हळद-कुंकू नंबर प्लेटवर लावा, बॉनेटवर नको. हळदीचा डाग नव्या रंगावर बसू शकतो.