टाळ्या वाजवणारा गेम

"ताई, मोबाईल हातात द्यायचा नाही हे आमचं पक्कं आहे. पण हातात धरून खेळायचा, सेलवर चालणारा शिकवणारा छोटा गेम घेतला तर चालेल ना? आणि घ्यायचा तर कोणता?" साडेचार वर्षांच्या एका मुलाच्या आईनं विचारलं. हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की तिला विचारून, ओळख लपवून ही हकिकत लिहिते आहे. मुलाला छोटू म्हणू या.

एक गेम घरात आधीच होता आणि छोटूनं तो सोबत आणला होता. "मला दाखवतोस खेळून?" म्हटल्यावर लगेच मांडी ठोकून बसला. पडद्यावर सफरचंद आलं, खाली चार अक्षरं. त्यानं चित्राकडे धड पाहिलंही नाही. अंगठ्यानं चारही बटणं ओळीनं दाबत गेला. तिसऱ्याला "गुड जॉब!" आणि टाळ्या. पुढचं चित्र, पुन्हा तेच. थोड्या वेळानं मी गेम पालथा ठेवला आणि विचारलं, "आत्ता कशाचं चित्र होतं रे?" त्याला सांगता येईना. आईचा चेहरा पडला.

यात छोटूचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं तरी काही बिघडत नाही आणि बरोबर आलं की टाळ्या, मग पोर डोकं कशाला चालवेल? म्हणून मी आईला सांगितलं, दुकानात मुद्दाम चुकीची बटणं दाबून बघा. चुकल्यावर गेम थांबतो का, शब्द पुन्हा ऐकवतो का, सोपं करून विचारतो का? नुसताच पुढे पळत असेल तर ठेवून द्या. लीपफ्रॉग, व्हीटेकसारख्या कंपन्यांची खेळणी या वयासाठी मिळतात, पण बहुतेक इंग्रजीतच बोलतात. एक-दोन-तीन आणि अ-आ-ई घरातूनच यायला हवं.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारं हवं. बटणाएवढा चपटा लिथियमचा सेल मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजतं. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेही पाहून घ्या. इंटरनेट नसलेलाच गेम बरा.

वेळेचं विचाराल, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या आहेत: तीन-चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा दिवसाला तासाभराहून जास्त नको, कमी तितकं चांगलं. शिकवणारा गेम असला तरी तो पडदाच.

बोलता बोलता खरी अडचण बाहेर आली. संध्याकाळी सात ते आठ. ती कामावरून येते, स्वयंपाक असतो, छोटू पायात घुटमळतो. तेवढा वेळ त्याला कुठंतरी गुंतवायचं होतं. हे सांगताना तिला लाज वाटत होती. मला तर त्यात लाजण्यासारखं काहीच दिसलं नाही. मी एवढंच म्हटलं, गेम द्या, पण वीस मिनिटं आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर. बाकी वेळ मटार सोलायला द्या.

तिनं दुसरा गेम घेतला, चुकलं की थांबणारा. महिन्याभरानं तिचा फोन आला. परवा पोळी लाटताना छोटूनं तिचा पदर ओढून विचारलं होतं, "आई, याचं पोट पुढे आहे. हा बी का डी?"